वाइन ओली, मग ‘ड्राय’ कशी?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नाशिकजवळच्या एका वायनरीत तीन महिन्यांपासून तुम्ही टेस्टिंग रूम सांभाळता. पाहुण्यांना ‘ही ड्राय आहे’ असं सांगता आणि कुणी अर्थ विचारलाच तर ‘ड्राय म्हणजे जरा कडवट’ असं उत्तर देता. परवा निफाडहून लेक-जावयाबरोबर आलेल्या एका आजींनी ग्लास हातात धरून विचारलं, ‘बाई, ओतली तर पाण्यासारखी वाहते, मग हिला कोरडी कशी म्हणता?’ तुम्हाला उत्तर सुचलं नाही. हा शब्द आला कुठून, वाइनला का चिकटला आणि मराठी माणसाला तो कसा समजवायचा, हे तुम्हाला हवंय.

आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. बावीस वर्षं मी याच जिल्ह्यात वाइन बनवतोय, नव्या मुलामुलींना चाखायला शिकवतोय, आणि माझा अनुभव असा की ‘ड्राय’ हा एक शब्द नीट उलगडला तर टेस्टिंग रूममधला निम्मा गोंधळ मिटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कडवट’ हे उत्तर आधी सोडून द्या. ड्राय म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी वाइन. एवढाच अर्थ. कडूपणाशी त्याचा संबंध नाही, दारूच्या जोराशी नाही, रंगाशी नाही.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं ते पुस्तकातून नव्हे, वडिलांमुळे. आमची दिंडोरी तालुक्यात बाग. वडील आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवत आले. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी बहार छाटणी, आणि मग पुढचे चार महिने एकच चिंता, गोडी भरली का? रोज सकाळी दोन मणी चिरडून गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब सोडायचा, सूर्याकडे धरून डोळा लावायचा. आकडा सतराच्या वर गेला की चेहरा खुलायचा. मी वायनरीत लागलो त्या वर्षी त्यांना टाकीजवळ नेलं आणि तयार झालेली चेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन चाखायला दिली. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि विचारलं, ‘वास तर द्राक्षाचाच आहे. पण साखर गेली कुठं?’

ड्राय या शब्दाची याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

साखर कुठे जाते, तेही सांगतो, कारण पाहुणे हमखास विचारतात. वाइनची द्राक्षं आपण खायच्या द्राक्षांपेक्षा जास्त पिकू देतो. रस टाकीत येतो तेव्हा ब्रिक्स बावीस-तेवीसच्या घरात असतो, म्हणजे शंभर ग्रॅम रसात बावीस-तेवीस ग्रॅम विद्राव्य घटक, आणि त्यातली बहुतेक साखरच. त्यात यीस्ट पडलं की ते साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, हा आमचा रोजचा हिशोब. तुमच्या सेलरमध्ये, म्हणजे टाक्यांच्या खोलीत, आंबवण चालू असेल तेव्हा सकाळी लवकर जा आणि साखर मोजायचा हायड्रोमीटर कसा बुडत जातो ते रोज बघा. पहिल्या दिवशी काचेची ती कांडी रसात उंच तरंगते, मान वर काढून. रोज ती थोडी खाली जाते. बावीस, एकोणीस, चौदा, आठ, तीन. आणि एके सकाळी शून्याच्याही खाली. नवीन माणसाला वाटतं उपकरण बिघडलं. बिघडलेलं नसतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून साखर संपल्यावर द्रव साध्या पाण्याहून हलका होतो आणि कांडी शून्याच्या खाली उतरते. त्या सकाळी सेलरमधला माणूस टाकीवर खडूने लिहितो, ‘ड्राय’. त्या खडूच्या शब्दात आणि तुमच्या टेस्टिंग रूममधल्या शब्दात काडीचाही फरक नाही.

साखर अगदी शून्य होते असं मात्र नाही. युरोपीय नियमात साध्या, म्हणजे बुडबुडे नसलेल्या वाइनला ड्राय म्हणायची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ४ ग्रॅम आहे; आंबटपणा पुरेसा असेल तर ती ९ ग्रॅमपर्यंत जाते. चार ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, तोही अख्ख्या लिटरात. आपल्या टपरीवरच्या एका कटिंगमध्ये याहून जास्त साखर सहज असते. गोडसर वाइन हवी असेल तेव्हा आम्ही टाकी खूप थंड करून यीस्ट झोपवतो, गाळून काढतो, म्हणजे थोडी साखर मागे राहते. तिला ऑफ-ड्राय किंवा सेमी-स्वीट म्हणतात.

आता शब्दाच्या घराण्याकडे वळू.

ड्राय हा इंग्रजीतला अस्सल जुना शब्द, लॅटिन किंवा फ्रेंचकडून उसना घेतलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘ड्र्यूगे’सारखं होतं. डचांचा ‘ड्रोख’ आणि जर्मनांचा ‘ट्रोकन’ हे त्याचे चुलतभाऊ. त्याच मुळातून दुष्काळाचा ‘ड्राउट’ आला आणि ‘ड्रेन’सुद्धा आला, म्हणजे पाणी काढून जागा कोरडी करणं. त्यामुळे आपण रोज बोलतो तो ‘ड्रेनेज’ शब्दही ड्रायच्याच कुळातला. ड्रेनेज हे पाण्याचं नव्हे, पाणी घालवण्याचं नाव आहे, हे लक्षात ठेवा. या घराण्यातला प्रत्येक शब्द काहीतरी गेल्याचं सांगतो.

आपला ‘सुका’ त्याचा नातेवाईक असेल असं वाटतं, पण नाही. सुका आला संस्कृत ‘शुष्क’वरून, प्राकृतातल्या ‘सुक्क’मार्गे. त्याची भावंडं दुसरीकडे सापडतात. फारसीतला ‘खुश्क’ हा सख्खा भाऊ, आणि तो मराठीत आधीच येऊन बसलाय. जमिनीवरून जाणाऱ्या वाटेला आपण ‘खुष्कीचा मार्ग’ म्हणतो तो याच खुश्कावरून. म्हणजे खुष्की आणि सुकं हे एकाच घरातले, फक्त एक इराणमार्गे आला. इंग्रजीतही या घराण्याची शाखा आहे. मांसाचा तुकडा कडक तव्यावर चुरचुरवतात त्याला ‘सिअर’ करणं म्हणतात, तो शब्द मुळात वाळण्याचा. आणि तुमच्या कामाचा आणखी एक आहे. जुने चाखणारे कडक, तोंड आवळून घेणाऱ्या वाइनला ‘ऑस्टिअर’ म्हणतात. आज त्याचा अर्थ साधी, कठोर राहणी असा झालाय, पण ग्रीकमध्ये तो जीभ कोरडी पाडणाऱ्या फळांना आणि वाइनला लावायचे, आणि त्याचं मूळ आपल्या शुष्काचंच. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. सोमेश्वरला चहा पिताना मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, मग सुकट आणि ऑस्टिअर भाऊबहीण की! खरंच आहेत.

वाइनला ड्राय म्हणायची पद्धत इंग्रजीत साधारण १७०० च्या सुमारास दिसू लागते. शब्द त्याहून कितीतरी जुना, हा अर्थ मागाहून आलेला. गंमत अशी की इंग्रज यात एकटे नाहीत. फ्रेंच ‘सेक’ म्हणतात, इटालियन ‘सेक्को’, स्पॅनिश ‘सेको’, जर्मन ‘ट्रोकन’. सगळ्यांचा अर्थ कोरडा, आणि सगळे तो बिनगोड वाइनला लावतात. (प्रोसेक्कोला यात धरू नका. ते ट्रिएस्टजवळच्या गावाचं नाव आहे. सेक्कोशी फक्त आवाज जुळतो.) इतक्या भाषांना गोडाच्या विरुद्ध कोरडं का वाटलं? मला तरी याचं उत्तर आपल्या आयुर्वेदाच्या रसविचारात चटकन सापडतं. तिथे मधुर रस स्निग्ध मानलाय आणि कडू, तिखट, तुरट हे रूक्ष. गोड पदार्थ तोंडाला ओलावा देतो, जिभेवर लेप धरतो. तो लेप काढून घेतला की उरतं ते रूक्ष. उसाचा रस आणि ताक एकामागोमाग पिऊन बघा. दोन्ही पातळच, पण रसाचा थर ओठांवर चिकटून राहतो, ताक तोंड धुऊन निघून जातं. गोडाला ओलं आणि बिनगोडाला कोरडं समजायला परदेशी जीभ लागत नाही.

आता तुमची खरी अडचण. पाहुणा लाल शिराझचा घोट घेतो, हिरड्या खरखरतात, जीभ टाळूला चिकटते आणि तो म्हणतो, ‘बापरे, किती ड्राय!’ तो जे सांगतोय ते ड्राय नाही, तुरट आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडाचा गुळगुळीतपणा काढून घेतं. जांभूळ खाल्ल्यावर जे होतं तेच. इंग्रजीची इथे पंचाईत होते, कारण तोंड कोरडं पडलं तरी ड्राय आणि साखर नसली तरी ड्राय, दोन्हींना एकच शब्द. मराठीची नाही होत. आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका, शाळकरी पोरालाही कळणारा शब्द आहे, आणि इतका काटेकोर शब्द रोजच्या इंग्रजीत मिळत नाही. त्याचा मोकळेपणाने वापर करा. वाइन गोड असूनही तुरट असू शकते, आणि अजिबात साखर नसूनही लोण्यासारखी मऊ असू शकते.

दुसरी गफलत वासाची. चेनिन ब्लाँमधून पेरूचा, पिकल्या फळाचा घमघमाट येतो आणि पाहुणा घोट घ्यायच्या आधीच म्हणतो, गोड आहे. साखरेला वास नसतो. तो वास फळाचा आहे, आणि आपल्या मेंदूने जन्मभर पेरू आणि गोडी एकत्रच अनुभवलेली आहे म्हणून तो गोडी गृहीत धरतो. अशा पाहुण्याला नाक चिमटीत धरून घोट घ्यायला सांगा. गोडी ओसरलेली त्याला स्वतःलाच कळेल. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी वाइन देतच नाही. तीन पेले मांडतो: एकात साखरेचं पाणी, एकात लिंबू पिळलेलं पाणी, एकात अर्धा तास तसाच राहिलेला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. गोड, आंबट, तुरट. मग चौथा पेला, लिंबाच्या पाण्यात थोडी साखर घातलेला, न सांगता देतो. बहुतेक जण साखर आहे हे ओळखत नाहीत, कारण आंबटपणा गोडी झाकतो. नाशिकच्या कित्येक पांढऱ्या वाइनमध्ये हेच चालतं: थोडी साखर असते, तिला आंबटपणा तोलून धरतो, आणि पिणारा ‘मला ड्रायच आवडते’ म्हणत आनंदाने पितो. त्याला खोटं पाडू नका. फक्त बाटली उलटून मागची पट्टी वाचायला द्या.

फेसाळ वाइनचा प्रश्न तुम्हाला येणारच, म्हणून तो इथेच सोडवतो. बाटलीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली वाइन ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. युरोपातल्या नियमाप्रमाणे ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसतं ‘ड्राय’ लिहिलं असेल तर चक्क १७ ते ३२ ग्रॅम. ऐकणारा चक्रावतो. कारण असं की एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन आजच्या मानाने पाकासारखी गोड असायची. त्या काळच्या जिभेला तीस ग्रॅमची वाइनसुद्धा कोरडी वाटे, म्हणून तिला तेच नाव मिळालं. इंग्रज गिऱ्हाइकांना आणखी कोरडी हवी झाली आणि पॉमरी या घराण्याने १८७४ सालची ब्रूट त्यांच्यासाठी काढली. ब्रूट म्हणजे फ्रेंचमध्ये कच्चं, न घडवलेलं. आवड पुढे सरकली, पण जुनी नावं बाटलीवर तशीच राहिली.

वाइनबाहेरही हा शब्द तसाच वागतो, आणि तुम्हाला समजावून सांगताना हीच उदाहरणं उपयोगी पडतील, कारण ती सगळ्यांच्या तोंडी आहेत. चायनीजच्या गाडीवर ‘मंच्युरियन ड्राय की ग्रेव्ही?’ विचारतात, तिथे नाही ती ग्रेव्ही. ड्राय कफमध्ये नाही तो बेडका. लोणी न लावलेला टोस्ट ड्राय. ड्राय क्लीनिंगमध्ये तर कपडे चांगले भिजवतात, फक्त पाण्यात नव्हे, रसायनात; नाही ते पाणी. हे उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथेही वस्तू ओलीच असते आणि नाव ड्राय. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; उणे ७८ अंशांच्या आसपास तो थेट वायू होतो, मध्ये पाणी होतच नाही. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: इथे काय नाही? ड्राय फ्रूट तेवढं आपण आपलं करून टाकलंय. इंग्रजीत वाळवलेलं फळ म्हणजे मनुका, अंजीर, जर्दाळू. आपण त्यात काजू-बदामही घातले, कारण आपल्याकडे ‘सुकामेवा’ हा शब्द आधीपासून होता आणि इंग्रजी नाव त्याच्यावर बेतलं.

आणि ड्राय डे. इथे नाही ती दारू. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती, आणि त्या वादात दोन तट पडले होते, बंदीवाले ‘ड्राय’ आणि विरोधक ‘वेट’. आपल्याकडे शेजारचा गुजरात ड्राय, महाराष्ट्रात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे ड्राय. दरवर्षी २६ जानेवारीला, ऐन हंगामात, पुण्या-मुंबईची माणसं सुट्टी साधून नाशिकला येतात, आणि त्या दिवशी आपण ड्राय वाइनही देऊ शकत नाही आणि गोडही नाही. एकदा एक गृहस्थ दारातच मला म्हणाले, ‘पण मला ड्रायच हवी होती!’ त्यांना मी बागेत नेलं, तोडणी दाखवली, टाकीतून नुकता आलेला रस चाखायला दिला. तो कितीही गोड असला तरी त्यात दारू नव्हती, म्हणजे त्या दिवसापुरता तोच खरा ड्राय.

मराठीत काय म्हणायचं? काही वर्षांपूर्वी एका वायनरीने शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक काढलं होतं. त्यात ड्राय वाइनला ‘शुष्क मद्य’ असं छापलं. मोहाडीच्या बैठकीत एका बागायतदाराने पत्रक वर करून विचारलं, ‘ही भुकटी आहे का? पाण्यात कालवायची?’ कुणी हसलं नाही, त्याला खरंच तसं वाटलं होतं. ‘सुकी’सुद्धा चालणार नाही. सुकं म्हणजे आधी ओलं होतं आणि वाळलं; सुके बोंबील, सुकी मिरची, सुकं खोबरं. वाइन वाळलेली नाही.

‘कोरडी’ हा शब्द मला बरोबर वाटतो आणि मी तोच वापरतो. कोरडं म्हणजे जे असायला हवं ते सोबत नाही. कोरडी भाकरी वाळलेली नसते, ताजी गरम असू शकते; तिच्याबरोबर कालवण नाही म्हणून ती कोरडी. देशावर त्या कालवणालाच ‘कोरड्यास’ म्हणतात, कोरड्याला लावायचं म्हणून. कोरडी सहानुभूती म्हणजे जिच्यात मदत नाही अशी. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं तेव्हा आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे राहून बघत होतो. दगड तेच, घाट तोच, फक्त गोदावरी नव्हती. आपल्या भाषेत ‘कोरडं’ हा शब्द पूर्वीपासून नसलेल्या गोष्टीकडेच बोट दाखवतो. त्यामुळे ‘कोरडी वाइन’ हे भाषांतर वाटतच नाही. आणि साखर पार संपलेली असेल तर इंग्रज तिला हाडासारखी कोरडी म्हणतात. तिथे आपला ‘कोरडीठाक’ तयार आहे.

आता त्या आजी. त्या निफाडच्या, म्हणजे द्राक्षवाल्यांच्याच घरच्या असणार. मणी कडक, हिरवे, आंबट असतात आणि मग जानेवारीच्या सुमारास मऊ पडून गोडी धरू लागतात, तेव्हा बागेत काय म्हणतात ठाऊक आहे ना? ‘मण्यांत पाणी उतरलं.’ साखर येते आणि शेतकरी म्हणतो पाणी आलं. त्यांच्या बोलीत गोडी म्हणजे पाणीच आहे, पिढ्यान्‌पिढ्या. पुन्हा आल्या तर त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवा, बागेतला एक पिकला मणी आणि कोरड्या चेनिनचा चमचाभर घोट. आधी मणी खायला द्या, मग घोट. आणि सांगा, ‘आजी, मण्यात जे पाणी उतरलं होतं ना, ते यीस्टने सगळं पिऊन टाकलं. म्हणून ही कोरडी.’